समितीची अध्यक्ष झाले, आता गावाचं अर्थकारण कुठून सुरू करू?

वाचकाचं पत्र:

"मी सत्तावीस वर्षांची आहे. गडचिरोली जिल्ह्यातलं आमचं गाव ५८ घरांचं, जवळजवळ सगळी गोंड. सामूहिक वनहक्काचा दावा मंजूर होऊन चार वर्षं झाली, पण तेंदू, म्हणजे बिडीचं पान, अजून वनविभागामार्फतच विकला जातो. गेल्या महिन्यात ग्रामसभेनं मला वन व्यवस्थापन समितीची अध्यक्ष केलं. यंदा तेंदू आपणच विकायचा, असं सगळे म्हणतात. एक कंत्राटदार दोनदा घरी येऊन गेला. भाव चांगला देतो, थोडा ॲडव्हान्स आत्ताच ठेवा, म्हणतो. पोरांना पहिल्या पैशातून ट्रॅक्टर हवा आहे. सभेत गावपाटील आणि म्हातारी मंडळी बोलतात, बायका मागं बसून ऐकतात. मी बारावीपर्यंत शिकलेली. तालुक्याच्या प्रशिक्षणात 'नेतृत्वगुण' आणि 'उद्दिष्टं' यांवर दिवसभर सांगितलं, पण घरी आल्यावर नेमकं काय करायचं ते कळलं नाही. कुठून सुरू करू?"

ताई, नमस्कार.

एक काम आजच करण्यासारखं आहे, म्हणून ते आधी. तो कंत्राटदार तिसऱ्यांदा आला तर त्याला बसवा, पाणी द्या आणि सांगा, "बोलणं ग्रामसभेत होईल, तारीख कळवते." ॲडव्हान्स घेऊ नका. पाचशे रुपयेही नाही, आणि घरातल्या दुसऱ्या कुणालाही घेऊ देऊ नका. तो दोनदा घरी येऊन गेला हे पुढच्या सभेत स्वतःहून सांगा आणि इतिवृत्तात लिहून घ्या. करार होण्याआधी अध्यक्षाच्या हातात पडलेला पैसा कशाचा होता, हे नंतर पटवून देता येत नाही. जूनमध्ये त्यानं हप्ता थकवला तर त्याला जाब विचारायची ताकद त्या पाचशे रुपयांतच गेलेली असते. गाव भांडायला उठतं तेव्हा तो फक्त एवढंच म्हणतो, "तुमच्या अध्यक्षांना विचारा." तिथे गाव दोन गटांत फुटतं, आणि फुटलेल्या गावाचा माल स्वस्तात जातो.

प्रशिक्षणात सांगितलेल्या नेतृत्वगुणांबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. ग्रामसभेच्या अर्थकारणात चांगलं भाषण करणाऱ्या माणसाची फारशी गरज पडत नाही. गरज पडते ती ओळीओळीनं करार वाचणाऱ्या, हिशेब तोंडी सांगून शेवटच्या घरातल्या म्हातारीलाही समजावणाऱ्या आणि कोणतीही बोलणी एकट्यानं न करणाऱ्या माणसाची. हे सगळं बारावी झालेल्या मुलीला पुरेपूर जमतं. कायद्यानं निर्णयाचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. समिती त्या निर्णयांची अंमलबजावणी करते, आणि अध्यक्ष त्या समितीचा एक सदस्य असतो. तुमचं काम निर्णय घेण्याचं नसून निर्णय ग्रामसभेतच होईल हे पाहण्याचं आहे. दडपण बरंच कमी होतं त्यानं.

आता उद्दिष्टांकडे. बहुतेक गावं पहिल्या वर्षी एकच उद्दिष्ट धरतात: शेजारच्या गावापेक्षा जास्त भाव. ते धोक्याचं आहे. तेंदूचा भाव बिडीच्या बाजारावर चालतो आणि एका वर्षातून दुसऱ्या वर्षात जमीनअस्मानाचा फरक पडू शकतो. तो तुमच्या हातात नाही. शिवाय सगळ्यात मोठी बोली लावून शेवटचा हप्ता बुडवणारे कंत्राटदार याच जिल्ह्यात होऊन गेले आहेत. म्हणून तुमच्या हातात असलेल्या आणि मोजता येणाऱ्या गोष्टींवर उद्दिष्टं ठेवा. आम्ही तीन सुचवतो. पान तोडणाऱ्या घराला मजुरी सात दिवसांच्या आत मिळाली का? जानेवारी ते मार्च तेलंगणात मिरची तोडायला किती घरं गेली, आणि पुढच्या वर्षी त्यातली किती गावातच राहू शकली? आणि जंगलात यंदा किती ठिकाणी आग लागली, बांबूच्या बेटांत नवे कोंब किती आले? हे तीन आकडे दरवर्षी एकाच वहीत, एकाच पानावर लिहा. भाव वर गेला आणि हे तिन्ही आकडे बिघडले, तर ते वर्ष वाईट गेलं असं समजा.

तेंदूपासूनच सुरुवात करा, कारण पहिला पैसा तिथूनच येणार आहे आणि पहिली चूकही तिथेच होते. वनहक्क कायदा, २००६ नुसार बांबू आणि तेंदूपत्ता ही दोन्ही गौण वनोपजं, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारा माल, आहेत. त्यांची मालकी, ती गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क तुमचा आहे. आजवर वनविभागामार्फत विक्री होत होती. यंदा आपण विकणार, असा ठराव कोरमसह, म्हणजे नियमात ठरलेल्या किमान हजेरीत, करून त्याची प्रत वनविभागाकडे वेळेत द्या आणि पोच घ्या. हा कागद राहून गेला तर ऐन हंगामात दोन विक्रेते उभे राहतात.

तारखा मागून पुढे मोजा. पान तोडाई साधारण एप्रिलच्या शेवटापासून मे महिन्यात होते. त्याच्या चाळीस-पंचेचाळीस दिवस आधी झुडपांची खुटकटाई (छाटणी) झालेली हवी, म्हणजे मार्चच्या मध्याच्या सुमारास. कटाई लवकर केली तर पान जरड होतं. उशिरा केली तर पान कोवळं राहतं आणि पाऊस गाठतो. कटाईचा खर्च कंत्राटदारानं द्यायचा असेल तर करार त्याआधी व्हायला हवा, म्हणजे फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. त्याआधी बोली, त्याआधी वर्तमानपत्रात जाहिरात, त्याआधी ग्रामसभेत अटी मंजूर. एवढं मागं आलं की डिसेंबर लागतो. घाई कंत्राटदाराला फायद्याची असते. मार्चमध्ये पहिली बोली लावणारं गाव जे मिळेल ते घेतं.

जाहिरात देण्याआधी आपला माल किती ते ठरवा. महाराष्ट्रात ७० पानांचा एक पुडा आणि हजार पुड्यांची एक गोणी धरतात. मागच्या तीन-चार वर्षांत तुमच्या फळीवर, म्हणजे पुडे मोजून गोळा करण्याच्या जागी, किती पुडे आले ते वनविभागाच्या नोंदींतून आणि घरोघरच्या कार्डांवरून काढा आणि सरासरी धरा. उत्साहात मोठा आकडा सांगू नका. करारात शंभर गोणी लिहून ऐंशीच भरल्या तर कमी पडलेल्या वीस गोण्यांवरून कंत्राटदार शेवटचा हप्ता कापतो. करारात "अंदाजे" लिहा आणि पैसे प्रत्यक्ष मोजलेल्या पुड्यांवर, असं स्पष्ट नमूद करा.

बोलीला एकट्यानं जाऊ नका. आजूबाजूच्या पाच-दहा ग्रामसभांनी एकाच दिवशी, एकाच ठिकाणी लिलाव ठेवला की जास्त खरेदीदार येतात आणि कंत्राटदारांनी आपसात गावं वाटून घेणं अवघड होतं. कोरची तालुक्यात ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा उभी केली. तिच्या लोकांना भेटायला समितीतले चौघं, त्यात दोन बाया, जरूर पाठवा. लिलाव एकत्र असला तरी करार, बँक खातं आणि माल नेण्याचा वाहतूक परवाना मात्र प्रत्येक ग्रामसभेचा वेगळाच ठेवा. एका गावाचा वाद दहा गावांच्या पैशाला अडकायला नको.

बोली लावणाऱ्याकडून पॅन, जीएसटी नोंदणी आणि गेल्या दोन वर्षांत त्यानं ज्या ग्रामसभांकडून पान घेतलं त्यांची नावं मागा. मग त्यातल्या दोन ग्रामसभांना फोन करा आणि एकच प्रश्न विचारा: शेवटचा हप्ता कोणत्या महिन्यात मिळाला? त्याच्या गाड्या, त्याचं ऑफिस, त्याच्या ओळखी यांपेक्षा या उत्तरातून जास्त कळतं. जास्त भाव पण हातात थोडे पैसे, आणि थोडा कमी भाव पण बरेच पैसे आगाऊ, अशा दोन बोल्या आल्या तर दुसरी घ्या. सभेत पहिल्या बोलीकडे ओढा असेल. तेव्हा फळ्यावर दोन्हींचा हिशेब मांडा आणि "यानं मेनंतर एक रुपयाही दिला नाही तर आपल्याकडे किती राहतील?" एवढं विचारा.

करार मुद्रांकावर, मराठीत करा आणि सही करण्याआधी तो पूर्ण सभेत गोंडीतून वाचून दाखवा. वाचायला तास-दीड तास लागेल, लागू द्या. काही कलमं तर असायलाच हवीत. मजुरी आणि स्वामित्वशुल्क म्हणजे रॉयल्टी हे दोन वेगळे आकडे लिहा. एकच गोळाबेरीज लिहिली की मजुरी कुठे संपते आणि ग्रामसभेचा पैसा कुठे सुरू होतो, याचा वाद होतो. मजुरी दर आठवड्याला, ठरलेल्या वारी. रॉयल्टीचा किमान चौथा हिस्सा कराराच्या दिवशी, दुसरा हप्ता तोडाई सुरू असताना आणि उरलेली सगळी रक्कम माल उचलण्याआधी, ग्रामसभेच्या खात्यात. हमी म्हणून दिलेला चेक म्हणजे पैसा नव्हे, तो पैशांत धरू नका. फळीवर पुडे मोजून घेतले की माल कंत्राटदाराचा, त्यानंतर पाऊस आला, वारा आला, आग लागली तर नुकसान त्याचं. हे कलम नसलं तर मेच्या अवकाळी पावसाची किंमत तुमची घरं मोजतात, कारण पुडे आठवडाभर उघड्यावर वाळत असतात. उशिराच्या हप्त्यावर किती व्याज, जीएसटी कोण भरणार, वाद झाला तर कोणत्या जिल्ह्यातलं न्यायालय, हेही लिहा. प्राप्तिकर कायद्यानुसार तेंदूपत्ता विकणाऱ्यानं खरेदीदाराकडून टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा करायचा कर, घेऊन सरकारात भरायचा असतो. त्यासाठी ग्रामसभेचा पॅन आणि टॅन (कर गोळा करून भरणाऱ्याचा क्रमांक) लागतो. तालुक्याचा एक सीए वर्षाच्या ठरावीक फीवर आत्ताच धरा. हे राहिलं तर दोन-तीन वर्षांनी नोटीस ग्रामसभेच्या नावानं येते, आणि तेव्हाची समिती वेगळीच असते.

तुमच्या हातातली सगळ्यात मोठी चावी म्हणजे वाहतूक परवाना. २०१२ साली वनहक्क नियमांत झालेल्या दुरुस्तीनं हा परवाना ग्रामसभेची समिती किंवा ग्रामसभेनं नेमलेली व्यक्ती देते, आणि गौण वनोपजावर सरकारला कोणतंही शुल्क वा रॉयल्टी आकारता येत नाही. हे सहज मिळालेलं नाही. तुमच्याच जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला सुमारे १,८०० हेक्टरचा सामूहिक हक्क २००९ मध्ये मिळाला, पण बांबू विकण्यासाठी लागणारं परवाना पुस्तक हातात यायला एप्रिल २०११ उजाडला. हक्काचा कागद होता, माल होता, फक्त गाडी हलत नव्हती. आता तीच गाडी तुमच्या सहीशिवाय हलत नाही. म्हणून परवाना पुस्तक अध्यक्षांकडे ठेवू नका, दुसऱ्या एका सदस्याकडे ठेवा. पासबुकात रक्कम जमा झालेली दोघांनी पाहिल्याशिवाय त्या पुस्तकातलं एकही पान फाडायचं नाही, असा ठराव करा. मोबाइलवर दाखवलेला मेसेज चालणार नाही. "ट्रक उभा आहे, ड्रायव्हरचं भाडं चढतंय, उद्या सकाळी पैसे टाकतो" हे वाक्य तुम्हाला नक्की ऐकायला मिळेल. त्या वेळी "ठरावच तसा आहे, माझ्या हातात नाही" असं म्हणता यावं, म्हणून तो ठराव आधी करायचा.

फळीवर काय चुकतं तेही सांगतो. दिवाणजी, म्हणजे कंत्राटदाराचा मुनीम, शेकड्यामागे दोन-चार पुडे जास्त मागतो, तुटफुटीच्या नावाखाली. काही पुडे "पान खराब" म्हणून नाकारतो आणि संध्याकाळी तेच ढिगात जातात. दोन्हीवर उपाय एकच: दोन वह्या. एक कंत्राटदाराची, एक ग्रामसभेची, आणि प्रत्येक घराचं एक कार्ड. रोज संध्याकाळी दोन्ही वह्यांची बेरीज जुळवून दोघांच्या सह्या, आणि त्या दिवसाचा एकूण आकडा फळ्यावर खडूनं. नाकारलेला पुडा तोडणाऱ्याला त्याच वेळी परत द्यायचा, फळीवर राहू द्यायचा नाही. चांगलं पान कोणतं, याचे नमुन्याचे चार पुडे पहिल्या दिवशी दोन्ही बाजूंनी ठरवून टांगून ठेवा. ज्याचा भाऊ किंवा जावई कंत्राटदाराकडे कामाला आहे त्याला ग्रामसभेची वही देऊ नका. हे त्याच्या तोंडावर, आदरानं आणि सभेतच सांगा. मागून सांगितलं तर वैर होतं.

पैसे वाटायचं सूत्र तोडाई सुरू होण्याआधी ठरलेलं हवं. पैसे खात्यात आल्यावर सूत्र ठरवायला बसलेलं गाव रात्रभर भांडतं. हिशेब समजण्यापुरतं एक उदाहरण घेऊ. समजा शंभर गोण्या झाल्या, म्हणजे एक लाख पुडे, आणि मजुरी सोडून रॉयल्टीचे ६ लाख रुपये आले. त्यातले २० टक्के, म्हणजे १ लाख २० हजार, ग्रामकोषात. ५ टक्के, म्हणजे ३० हजार, जंगल राखणीला. आणखी ५ टक्के अशा घरांसाठी जिथे पान तोडायला हात नाही: एकटी म्हातारी, अपंग, बाळंतीण. उरले ४ लाख २० हजार. ते पुड्यांवर वाटले तर पुड्याला ४ रुपये २० पैसे. ज्या घरानं १,८०० पुडे दिले त्याला ७,५६० रुपये. हा हिशेब सभेत एका घराचं नाव घेऊन करून दाखवा, मग प्रत्येक जण आपापला करतो. टक्के तुम्ही वेगळे ठेवाल, हरकत नाही. मात्र ग्रामकोषाचा हिस्सा शून्य ठेवू नका. सगळे वाटून टाकलेले पैसे दिवाळीपर्यंत संपतात आणि पुढच्या हंगामात जाहिरातीच्या खर्चासाठीही पुन्हा कंत्राटदाराकडे हात पसरावा लागतो.

बँक खातं ग्रामसभेच्या नावावर, सह्या तिघांच्या, त्यात एक तरी स्त्री, आणि कोणत्याही दोन सह्यांशिवाय पैसे निघणार नाहीत अशी सोय करा. प्रत्येक वेळी पैसे काढताना स्लिपच्या मागं ठराव क्रमांक लिहा. हातातली रोख ठरावीक रकमेच्या वर ठेवायची नाही, ती रक्कमही सभेनंच ठरवावी. दर सभेची सुरुवात पासबुक मोठ्यानं वाचून करा. कंटाळा आला तरी वाचा. तीन सभांनंतर लोक स्वतः विचारायला लागतात, "त्या दिवशीचे अडीच हजार कशाचे?" तो प्रश्न आला की घाबरू नका. जिथे असा प्रश्न मोकळेपणानं विचारला जातो तिथे संशय साठत नाही.

सभेबद्दल तुम्ही दोन ओळीच लिहिल्या आहेत, पण खरी अडचण तिथेच आहे असं आम्हाला वाटतं. वनहक्क नियमांप्रमाणे ग्रामसभेच्या एकूण सदस्यांपैकी निम्मे हजर हवेत, आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया. नुसत्या सह्यांनी हा कोरम भरता येतो, पण असा ठराव पुढे कोणी आव्हान दिलं तर टिकत नाही. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे पान तोडणं, मोह वेचणं, पुडे बांधणं यातलं निम्म्याहून जास्त काम बायकांचं आहे. कोणत्या भागात पान कमी झालं, कुठला मोह यंदा फुलला नाही, हे त्यांना माहीत असतं. त्यांच्याशिवाय झालेला निर्णय अर्धवट माहितीवर झालेला असतो. गावपाटलांना हेच कारण सांगा. हक्काची भाषा काढली तर ते आखडतील, माहितीची भाषा त्यांना पटेल.

करायचं काय, ते साधं आहे. सभेची वेळ बायकांना विचारून ठरवा. संध्याकाळी चुलीच्या वेळी ठेवलेली सभा त्यांना घरी पाठवते. मोठ्या सभेच्या दोन दिवस आधी टोल्याटोल्यावर, म्हणजे वस्तीवस्तीवर, बायकांची छोटी बैठक घ्या, तिथे विषय बोला, आणि सभेत "परवा आपलं असं ठरलं होतं, तुम्हीच सांगा" असं म्हणून एखादीला पुढे करा. सभेची सुरुवात पाटील, गायता (गावाचा पुजारी) यांच्या हातून होऊ द्या. तो त्यांचा मान आहे आणि तो राखण्यात काही अडत नाही. पण प्रत्येक विषयावर आधी ज्यांचं काम आहे त्यांना बोलवा, मग थोरांना, आणि तुम्ही शेवटी बोला. अध्यक्षानं आधी मत दिलं की बाकीचे त्या मताच्या बाजूनं किंवा विरुद्ध बोलतात, विषयावर कोणी बोलत नाही. चर्चा गोंडीतच होऊ द्या, इतिवृत्त मराठीत लिहा, आणि उठण्याआधी ते परत गोंडीतून वाचा.

मेंढा (लेखा) गावानं निर्णय सर्वसहमतीनं घ्यायची रीत पाडली, आणि सभेआधी अभ्यासगटात विषय सविस्तर समजून घेण्याचीही. लोक पहिल्या गोष्टीचं नाव घेतात आणि दुसरी विसरतात. अभ्यास न करता सहमतीचा आग्रह धरला तर सहमती गप्प बसण्यातून येते. तेंदूचा करार, बांबूची तोड असे विषय सभेच्या आधी महिनाभर अभ्यासगटात घोळलेले हवेत. तरी एकमत झालं नाही तर विषय पुढच्या सभेवर टाका. हे करायला वेळ हवा, म्हणूनच वर डिसेंबरचा आग्रह धरला.

तेंदूचं पहिलं वर्ष पार पडलं की बांबूकडे आणि मोहाकडे वळा, त्याआधी नको. सामूहिक वनाचा व्यवस्थापन आराखडा मात्र आत्ताच सुरू करा, कारण रोजगार हमी आणि इतर योजनांतून जंगलातली कामं गावाला मिळवायची तर तो दाखवावा लागतो. नकाशावर जंगलाचे भाग पाडा: कुठे बांबू, कुठे मोह-चारोळी, कुठे चराई, कुठे देवाची राई. प्रत्येक प्रकारच्या भागात २० मीटर लांब-रुंद असे काही चौकोन आखून त्यातली झाडं, रोपं, बेटं मोजा. दरवर्षी त्याच चौकोनांत परत मोजा. आमच्या अनुभवात गावातली शाळकरी मुलं हे काम फार नेटानं करतात.

बांबूची तोड पावसाळा संपून कोंब टणक झाल्यावर करतात. पावसाळ्यात, कोंब फुटत असताना, बेटाला हात लावायचा नाही. यंदाचा आणि गेल्या वर्षीचा बांबू तोडायचा नाही, कारण नवे कोंब त्यांच्या जोरावर वाढतात. प्रत्येक बेटात आठ-दहा जून बांबू राखायचे. तोड जमिनीपासून १५ ते ३० सेंटिमीटरवर, पेराच्या लगेच वर, धारदार कोयत्यानं. पेराच्या खूप वर तोडलं तर उरलेल्या खोबणीत पाणी साठून बुंधा कुजतो. मजूर बाहेरच्या कडेचे सोपे बांबू तोडतो आणि मधला गुंता तसाच ठेवतो, इथेच बेट बिघडतं. नवे कोंब बाहेरच्या कडेनं येत असतात, तीच कडा उजाड होते. म्हणून बेटाला घोड्याच्या नालेसारखी एका बाजूनं वाट पाडून आतले जून बांबू काढायचे. मजुरी नगावर असेल तर हे कोणी पाळणार नाही, त्यामुळे तोडीच्या काळात रोज एक तपासणारा हवाच. जंगलाचे तीन-चार भाग करून दरवर्षी एकाच भागात तोड ठेवा.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावनं बांबूवर अर्थकारण उभं केलं आणि तेंदू विकायचाच नाही असं ठरवलं. तेंदूसाठी झुडपं छाटली जातात, आगी लावल्या जातात, त्यानं जंगलाचं नुकसान होतं, हा त्यांचा विचार. तुम्ही तसंच करावं असं आमचं म्हणणं नाही. ५८ घरांची मे महिन्याची मजुरी एका ठरावानं बंद करता येत नाही. पण आग न लावता फक्त कटाईवर पान येतं, हे करारात आणि राखणीत पक्कं करता येतं. मोह वेचायला झाडाखालचा पाचोळा जाळण्याची सवय आहे, त्याऐवजी झाडाखाली जाळी किंवा जुन्या साड्या अंथरायला सांगा. फूलही स्वच्छ मिळतं.

मोहाचं गणित थोडक्यात. हंगामात सगळे एकदम विकतात म्हणून भाव पडतो, पावसाळ्यात चढतो. ग्रामकोषातून गावातल्या घरांचा मोह वजनावर विकत घेऊन साठवता येतो, पण आधी घट मोजा. ओला मोह वाळून निम्म्याहूनही कमी भरतो. नीट न वाळवता साठवला तर बुरशी आणि कीड लागते, आणि चढलेला भाव घटीतच जातो. पहिल्या वर्षी चार-पाच क्विंटलवरच करून पाहा: घेतलेलं वजन, विकलेलं वजन, घेतलेला भाव, विकलेला भाव, मधला खर्च. फायदा दिसला तर पुढच्या वर्षी वाढवा.

आणि ट्रॅक्टर. पोरांना थेट नाही म्हणू नका, त्यांच्याकडूनच हिशेब करून घ्या. वर्षात किती दिवस त्याला काम मिळेल, डिझेल किती, चालकाची मजुरी, विमा, टायर, दुरुस्ती, कर्ज काढलं तर हप्ता. आणि नांगरणीच्या एकाच आठवड्यात ५८ घरांना तो हवा असेल तेव्हा पहिला कोणाला? गावच्या मालकीच्या ट्रॅक्टरवर भांडण होतं ते बहुधा या शेवटच्या प्रश्नावरून. सामायिक वस्तू घ्यायचीच तर पहिल्या वर्षी मोठ्या ताडपत्र्या, चांगला वजनकाटा आणि कोरडं गोदाम घ्या. तिन्ही गोष्टी तेंदू, मोह, धान सगळ्याला लागतात, पडून राहत नाहीत आणि कुणा एकाच्या अंगणात उभ्या राहत नाहीत. हिशेब केलेल्या पोरांपैकी दोघांना फळीची वही द्या. हाताला खरं काम मिळालं की ती मुलं ग्रामसभेची सगळ्यात चांगली माणसं होतात.

तुमच्या प्रत्येक कामात, म्हणजे वही, बँक, परवाना, कंत्राटदाराशी बोलणी, सीएकडे जाणं यात, तुमच्यासोबत आणखी दोघं असावेत. कंत्राटदारांना एकाच माणसाचा नंबर देऊ नका. समितीची मुदत दोन किंवा तीन वर्षांची ठरवा, आणि दर वेळी अर्धेच सदस्य बदलतील असं पाहा. सगळे एकदम बदलले की करारातल्या चुका पहिल्यापासून पुन्हा होतात.

येत्या सभेपुरतं सांगायचं तर विषय तीनच ठेवा. कंत्राटदाराच्या भेटीची नोंद. तेंदू स्वतः विकण्याचा ठराव. आणि करार, वाटप व बांबू यांच्यासाठी प्रत्येकी पाच जणांचा एक असे तीन अभ्यासगट. प्रत्येक गटात दोन तरी बाया आणि एक म्हातारं माणूस घ्या. करारगटाचा मसुदा तयार झाला की तो आम्हाला पाठवा, आम्ही कलमवार वाचून कळवू.